चिंताविकाराचे औषध आणि रुग्णाचे पाच गुण

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात असहाय पडून होता. त्याने इतरांसाठी कधी काही केले नव्हते, म्हणून त्याची शुश्रूषा करण्यास कोणीही पुढे येत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. आनंदाने पाणी आणले, भगवंतांनी ते त्या भिक्खूच्या अंगावर घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्यास उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर संघास एकत्र बोलावून, रुग्णाची सेवा ही आपल्याच सेवेसमान होय, असे तथागतांनी बजावले.

हा प्रसंग आपल्या विहारांतून अनेकदा सांगितला जातो. परंतु त्याला लागूनच येणारा भाग सहसा सांगितला जात नाही. तेथे भगवंतांनी शुश्रूषा करण्यास सुलभ असणाऱ्या रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. असा रुग्ण स्वतःस हितकर असेल ते करतो, हितकर गोष्टीतही प्रमाण जाणतो, औषध घेतो, आजार वाढत असेल, उतरत असेल किंवा स्थिर असेल, तर तसे यथार्थपणे सांगतो, आणि शरीरास होणाऱ्या वेदना सहन करतो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या पाच गोष्टी एका आजच्या प्रश्नाच्या संदर्भात समजून घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. तो प्रश्न म्हणजे चिंताविकारावर डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध सुरू करणे.

हा प्रश्न का महत्त्वाचा आहे? आपल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या मुलखात, मनाच्या आजारासाठी डॉक्टरांपर्यंत पोहोचणे हेच मुळी कठीण असते. एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि लोक काय म्हणतील हे भय, असे सारे ओलांडून कोणी तेथवर जातो. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहून देतात. रुग्ण चार दिवस गोळी घेतो. मळमळते, डोके जड होते, झोप अधिकच बिघडते. पाचव्या दिवशी ती पट्टी फळीवरच्या डब्यात जाऊन पडते आणि ‘औषध मला सोसले नाही’ असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः औषधाने गुण देण्यास अजून आरंभही केलेला नसतो. पहिल्या काही आठवड्यांत काय होते, हे रुग्णास आधी समजले असते तर कदाचित ती पट्टी फळीवर गेली नसती.

चिंता आणि चिंताविकार

चिंता हा रोग नव्हे. संकटाची चाहूल लागताच हृदय जलद चालते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. हा शरीराचा स्वाभाविक धर्म होय. पाऊस लांबला, सोसायटीचे कर्ज थकले, मुलीची परीक्षा जवळ आली, तर काळजी वाटणारच. परंतु कारण सरले तरी काळजी सरत नाही, किंवा कारणाच्या मानाने ती फार मोठी असते. बहुतेक दिवशी आणि महिनोन्‌महिने ती मनाला घेरून राहते. झोप, भूक, कामधंदा आणि माणसांतील वावर यांत ती आड येऊ लागते, तेव्हा तिला चिंताविकार म्हणतात. सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारी सर्वसाधारण चिंता हा त्याचा एक प्रकार. एकाएकी छातीत धडधड, घाम, गुदमरणे आणि आता आपण मरणार असे तीव्र भय वाटणे, हा दुसरा. चारचौघांत बोलण्याची, मिसळण्याची अवाजवी भीती, हा तिसरा.

आपल्याकडे हा विकार बहुधा शरीराच्या भाषेत बोलतो. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, हातापायांना मुंग्या येतात, डोके भणभणते, अंगात त्राण राहत नाही, अशा तक्रारी घेऊन रुग्ण दवाखान्यात जातो. हृदयाच्या तपासण्या होतात, सलाइन लावले जाते आणि मूळ दुखणे तसेच राहते. अर्थात, शरीराची तपासणी आधी होणे आवश्यकच आहे. थायरॉईड ग्रंथीचा विकार, रक्तक्षय, साखरेची घट आणि हृदयाच्या ठोक्यांतील दोष यांतही अशीच लक्षणे दिसतात. वारंवार घेतलेला चहा, तंबाखू-मिसरी आणि दारूचा उतार यांनीही धडधड वाढते. हे तपासल्याशिवाय ‘टेन्शन आहे’ असे म्हणून रुग्णाची बोळवण करणे योग्य नाही.

बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता. तरीही तिचा एक निष्कर्ष आपणांस विचार करावयास लावणारा आहे. चिंता आणि नैराश्य यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या मनोविकारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत कोणताही उपचार पोहोचलेला नव्हता.

अन्यायाच्या दुःखावर गोळी कशासाठी?

येथे एक गंभीर शंका उपस्थित होते आणि ती टाळता येणार नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील कुटुंबे मुकादमाची उचल फेडण्यासाठी दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. २०१३ साली सोनई येथे आणि २०१४ साली खर्डा येथे दलित तरुणांच्या हत्या झाल्या. त्या गावांची नावे उच्चारताच आजही अनेक मातापित्यांच्या काळजात धस्स होते. दुष्काळ, कर्ज आणि जातीय अत्याचार यांतून उपजलेल्या भयाला रोग म्हणावे काय? त्यावर गोळी देणे म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे काय?

ही शंका निराधार नाही. जामखेड परिसरातील ग्रामीण स्त्रियांशी बोलून केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मनाच्या स्वास्थ्याचा विचार त्या स्त्रियांनीही सामाजिक आणि आर्थिक परिस्थितीपासून वेगळा केलेला नव्हता. गोळीने कर्ज फिटत नाही, उचल फिटत नाही, जातिव्यवस्था मोडत नाही. ज्यांना भय मोडावयाचे आहे त्यांना संघटन, शिक्षण आणि न्याय यांवाचून दुसरा मार्ग नाही. परंतु रात्र रात्र ज्याला झोप नाही, गर्दीत जाताच ज्याचे हातपाय गळतात, जो पोलीस ठाण्याच्या किंवा न्यायालयाच्या पायरीशी पोहोचताच गुदमरतो, त्याने लढावे कसे? अत्याचारात डोके फुटलेल्या माणसाच्या जखमेला टाके घालताना, हा अन्यायाशी समझोता आहे, असे आपण म्हणत नाही. मनाच्या जखमेला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही. उपचाराने माणूस उभा राहतो. उभे राहून काय करावयाचे, ते त्याने ठरवावयाचे असते.

दोष कोणाचा?

दुसरी अडचण लज्जेची. मनाचा आजार म्हणजे मनाचा दुबळेपणा, किंवा मागील जन्मीचे भोग, अशी समजूत अद्याप आपल्या घरांतून गेलेली नाही. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आहे. माणसास जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच होते, हे काही श्रमण-ब्राह्मणांचे मत तथागतांनी तेथे नाकारले आहे. पित्त, कफ, वात, त्यांचा संयोग, ऋतुबदल, विषम वागणूक, आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे सांगून, सर्व काही पूर्वकर्मावर लादणे हे लोकांस उघड दिसणाऱ्या सत्याच्या पलीकडे जाणे आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मागील जन्मीच्या कर्माची कल्पना किती कठोरपणे तपासली आहे, हे वाचकांस ज्ञात आहेच.

विनयात गग्ग नावाच्या भिक्खूचे प्रकरण आहे. मन भ्रमिष्ट असताना त्याच्या हातून अनेक अनुचित कृत्ये घडली. तो बरा झाल्यावर काही भिक्खू त्या कृत्यांचा त्यास जाब विचारू लागले, तेव्हा त्या काळातील कृत्यांचा दोष त्याच्यावर ठेवू नये, असा निर्णय संघाने औपचारिकरीत्या करावा, अशी व्यवस्था भगवंतांनी घालून दिली. चिंताविकार हा भ्रमिष्टपणा नव्हे. तथापि मनाच्या आजाराला अपराध मानू नये, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

स्वतः बाबासाहेबांना मधुमेह, मज्जातंतूंचे दुखणे आणि निद्रानाश यांनी ग्रासले होते. मुंबईच्या डॉ. मालवणकरांचे उपचार ते घेत असत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, यांच्याशी झाला. त्याही डॉक्टरच होत्या. औषधोपचाराखाली असतानाच त्यांनी आपले शेवटचे मोठे कार्य तडीस नेले. औषध घेणे हा त्यांच्या लेखी पराभव नव्हता.

औषधे कोणती व ती काय करतात?

चिंताविकारावरील औषधांचे दोन मुख्य वर्ग सामान्य रुग्णाने ओळखले पाहिजेत, कारण त्यांचे वागणे एकमेकांच्या अगदी उलट असते.

पहिला वर्ग दीर्घकालीन उपचाराचा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरॉक्सेटिन ही त्यातील परिचित नावे. यांना नैराश्यावरील औषधे म्हणत असले तरी चिंताविकारावरही बहुधा प्रथम हीच दिली जातात. मेंदूतील पेशी परस्परांशी ज्या रसायनांद्वारे संपर्क साधतात त्यांपैकी सिरोटोनिन या रसायनावर ती काम करतात. केवळ एका रसायनाची उणीव भरून काढली की झाले, इतके हे सोपे नाही. मेंदूची घडी हळूहळू बदलावी लागते आणि म्हणूनच गुण येण्यास वेळ लागतो. या औषधांची नशा येत नाही आणि ती घेण्याची ओढही लागत नाही.

दुसरा वर्ग तात्काळ शांत करणारा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही त्यातील नावे. या वर्गातील पहिले औषध १९६० साली बाजारात आले. गोळी घेतल्यावर तासाभरातच धडधड शमते, झोप येते. म्हणूनच ती रुग्णास आवडते आणि म्हणूनच धोक्याची ठरते. काही आठवड्यांतच शरीर तिला सरावते, तेवढ्याच गुणासाठी मात्रा वाढवावी लागते आणि ती सोडणे कठीण होते. पहिल्या वर्गातील औषधाचा गुण येईपर्यंत आधार म्हणून दोन ते चार आठवडे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एवढाच तिचा उचित वापर होय.

याखेरीज थरथर व धडधड कमी करण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले जाते. दमा असलेल्यांनी ते घेऊ नये; म्हणून दमा असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

चिठ्ठी हातात पडताच एक प्रश्न डॉक्टरांना विचारावा: ‘यांतील कोणती गोळी कायम घ्यावयाची आणि कोणती थोड्या दिवसांची?’ या एका प्रश्नाने पुढील अनेक घोटाळे टळतात.

पाच गुण आणि पहिले सहा आठवडे

आता आरंभी सांगितलेल्या पाच गुणांकडे वळू.

हितकर ते करणे. औषध चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य करावी. दारू आणि झोपेची गोळी एकत्र आल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतू शकते. चहा कमी करावा, विशेषतः सायंकाळनंतर. तंबाखू आणि मिसरी यांनी मन शांत होते असे वाटते, परंतु त्यांतील निकोटिन धडधड वाढविते. रोज अर्धा तास चालावे, झोपण्या-उठण्याची वेळ ठरवावी. दुसऱ्या वर्गातील गोळी घेणाऱ्याने ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी यांपासून दूर राहावे. वृद्धांनी रात्री उठताना जपावे, कारण तोल जाऊन पडण्याचा संभव असतो.

प्रमाण जाणणे. पहिल्या वर्गातील औषध बहुधा अल्प मात्रेने सुरू करतात आणि एक-दोन आठवड्यांनी वाढवितात. अल्प मात्रा म्हणजे डॉक्टरांनी हयगय केली असे नव्हे. शरीराला सरावण्यास अवसर मिळावा म्हणून ती योजना असते. लवकर बरे वाटावे म्हणून आपण होऊन दोन गोळ्या घेऊ नयेत. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

औषध घेणे. हे सांगावयास सोपे व पाळावयास कठीण. पहिल्या आठवड्यात गुण दिसत नाही, त्रास मात्र दिसतो. दोन ते चार आठवड्यांत चिडचिड कमी होणे, झोप सुधारणे अशी चिन्हे दिसू लागतात. कित्येकदा ती रुग्णाच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येतात. पूर्ण गुण कळण्यास सहा ते आठ आठवडे, काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. सहा आठवडे योग्य मात्रेत औषध घेऊनही काहीच फरक नसेल तर डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलतात. पहिले औषध लागू न पडणे म्हणजे आजार असाध्य असणे नव्हे. आणि बरे वाटू लागताच औषध थांबवू नये. बरे वाटल्यानंतरही ते सहा महिने ते वर्षभर चालू ठेवण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो.

यथार्थ सांगणे. हा पाचांपैकी सर्वांत उपयोगी गुण होय. एका वहीत रोजची झोप, भूक, धडधड आणि त्रास दोन ओळींत लिहून ठेवावा व पुढील भेटीस ती वही न्यावी. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहवून घ्यावी. डॉक्टरांपासून पुढील गोष्टी लपवू नयेत: दारूचे प्रमाण, आयुर्वेदिक अथवा अन्य औषधे, अंगदुखीसाठी घेतलेल्या गोळ्या. ऊसतोड आणि शेतमजुरी करणाऱ्यांत आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या नित्य घेतल्या जातात. पहिल्या वर्गातील औषधांबरोबर त्या घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळीही यांच्याबरोबर डॉक्टरांना न विचारता घेऊ नये. घराण्यात कोणास अतिउत्साहाचा, उन्मादाचा आजार झाला असेल तर तेही सांगावे. स्त्री गरोदर असेल, होऊ इच्छित असेल किंवा बाळास अंगावर पाजत असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. परंतु गर्भ राहिला म्हणून भीतीने एकाएकी औषध सोडू नये. लैंगिक इच्छा अथवा क्षमता कमी होणे हाही या औषधांचा एक परिणाम आहे. संकोचामुळे तो सांगितला जात नाही आणि औषध मात्र गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सांगितल्यास त्यावर उपाय करता येतो.

सहन करणे. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, तोंडास कोरड, झोप कमी-अधिक होणे, घाम आणि काही वेळा अस्वस्थतेत किंचित वाढ, हे त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. जेवणानंतर गोळी घेतल्यास मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी आणि गुंगी येत असेल तर रात्री घेता येईल काय, हे डॉक्टरांना विचारावे.

परंतु सहनशीलता म्हणजे लपविणे नव्हे. पुढील गोष्टी मुळीच सहन करीत बसू नये, त्वरित दवाखाना गाठावा: जीव देण्याचे विचार येणे अथवा वाढणे (पंचविशीच्या आतील तरुणांत मात्रा सुरू करताना व बदलताना यावर विशेष लक्ष ठेवावे), जागेवर बसवत नाही इतकी तगमग, झोपेविना अखंड बडबड व अवाजवी उत्साह, ताप, थरथर, स्नायूंचा ताठरपणा व भान हरपणे, अंगावर पुरळ अथवा चेहऱ्यास सूज, काळी शौचास, फिट येणे, वृद्ध व्यक्तीस एकाएकी भ्रम होणे.

शीलभंग होतो काय?

पाचव्या शीलात मद्य व मादक पदार्थ यांपासून विरत राहण्याची प्रतिज्ञा आपण घेतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग मनावर परिणाम करणारी गोळी घेतल्याने शीलभंग होतो काय, असा प्रश्न अनेक श्रद्धावान उपासक-उपासिका मनात बाळगतात.

महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात याविषयी एक बोधप्रद नोंद आहे. पिलिन्दवच्छ स्थविरांना वाताचा विकार झाला असता वैद्यांनी तेल उकळून, त्यात मद्य मिसळून देण्यास सांगितले. भगवंतांनी त्यास अनुमती दिली. पुढे काही भिक्खूंनी तेलात अतिरिक्त मद्य मिसळले आणि ते प्यायल्याने त्यांना नशा चढली. तेव्हा ज्यात मद्याचा रंग, गंध व चव जाणवणार नाही एवढ्याच प्रमाणात ते मिसळावे, असा नियम झाला. तात्पर्य असे की, वैद्याने सांगितलेले, रोगासाठी आणि मर्यादित प्रमाणात घेतलेले द्रव्य हे औषध होय. तेच सुखासाठी व प्रमाण सोडून घेतले की व्यसन होय. पहिल्या वर्गातील औषधांनी बेहोशी येत नाही. उलट विस्कटलेले मन ती जागेवर आणतात. सावध राहावयाचे ते दुसऱ्या वर्गाविषयी. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून महिनोन्‌महिने झोपेच्या गोळ्या आणणे हा औषधोपचार नव्हे. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या औषधांच्या विक्रीची, डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांसह, स्वतंत्र नोंद ठेवण्याचे बंधन औषध दुकानदारांवर २०१४ पासून आहे, ते याचसाठी.

ध्यान की औषध?

ध्यान करणाऱ्यास औषधाची गरज काय, असेही विचारले जाते. अमेरिकेत ज्यांना चिंताविकार आहे अशा २७६ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना एस्सिटालोप्राम व निम्म्यांना आठ आठवड्यांचे स्मृति-आधारित ध्यानाचे प्रशिक्षण दिले गेले. दोहोंचा गुण जवळजवळ सारखाच आढळला. औषध घेणाऱ्यांत दुष्परिणाम अधिक होते. ही गोष्ट आनंददायक आहे. परंतु त्या ध्यानगटास प्रशिक्षित शिक्षक होते, दर आठवड्यास वर्ग होता आणि रोज घरी पाऊण तासाचा अभ्यास नेमून दिलेला होता. विहारात सवडीने दहा मिनिटे डोळे मिटून बसणे म्हणजे ते नव्हे. शिवाय चिंता अत्यंत तीव्र असताना दीर्घकाळ मौनात बसल्याने काहींची अस्वस्थता वाढते. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधे यांची माहिती विचारली जाते, ती भरताना काहीही लपवू नये आणि शिबिरासाठी आपण होऊन औषध सोडू नये. ध्यान, मानसोपचारतज्ज्ञाशी संभाषणातून होणारा उपचार आणि औषध ही एकमेकांची वैरी नाहीत.

शुश्रूषा करणाऱ्याने काय करावे?

भगवंतांनी रुग्णाबरोबर परिचारकाचेही पाच गुण सांगितले आहेत. तो औषध तयार करण्यास समर्थ असतो, हितकर-अहितकर जाणतो, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो, घाणीची किळस करीत नाही आणि धम्मकथनाने रुग्णास उभारी देतो. आजच्या घरात याचा अर्थ असा की, पहिले सहा आठवडे गोळीची आठवण घरच्यांनी ठेवावी, ‘वेड्याची गोळी’ हा शब्द घरात उच्चारू नये आणि बाहेरची बाधा म्हणून रुग्णास भगताकडे नेऊ नये. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. रुग्ण जिवावर उदार झाल्यासारखा बोलत असेल तर त्यास एकटे सोडू नये आणि शेतीची विषारी औषधे व गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा.

सोडावयाचे कसे?

सुरू करतानाच शेवटाची माहिती असावी. कोणत्याही वर्गातील औषध एकाएकी बंद करू नये. पहिल्या वर्गातील औषध अचानक सोडल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होते. हे व्यसनाचे लक्षण नव्हे. सरावलेल्या शरीराची ती प्रतिक्रिया होय. दुसऱ्या वर्गातील औषध बरेच दिवस घेऊन अचानक सोडल्यास फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा आठवड्यागणिक अथवा महिन्यागणिक उतरवीत न्यावी. ऊसतोडीसाठी किंवा कामासाठी परगावी जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून पुरेशी औषधे आणि चिठ्ठीची प्रत बरोबर घ्यावी.

जावे कोठे?

अहिल्यानगरचे जिल्हा रुग्णालय, लोणीच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही जिल्ह्यातील मोठी ठिकाणे आहेत. ज्यांना जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य असून मराठीतून बोलता येते. जनऔषधी केंद्रांत नेहमीची औषधे अल्प किमतीत मिळतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आहे. त्यानुसार शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे, आपल्या आजाराची व उपचाराची माहिती मिळणे आणि ती गोपनीय राखली जाणे, हे प्रत्येक नागरिकाचे हक्क आहेत. ‘ही गोळी कशासाठी आहे?’ असे विचारणारा रुग्ण उद्धट नसतो. तो आपला हक्क बजावीत असतो.

याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या प्रकल्पाचा कणा होत्या गावोगावच्या आरोग्यसेविका. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातून आलेल्या होत्या. शाळेची पायरी न चढलेली स्त्री आरोग्याचे ज्ञान शिकू शकते व गावास शिकवू शकते, हे त्यांनी सिद्ध करून दाखविले. मनाच्या आजाराविषयीचे ज्ञानही त्याच वाटेने घरोघर गेले पाहिजे. आपल्या विहारात येणाऱ्यांपैकी कोणी नुकतीच अशी गोळी सुरू केली असेल, तर त्यास उपदेश करण्यापूर्वी एवढेच विचारावे: आज कितवा दिवस आहे, आणि गोळी घेतलीस ना? आणि तो पाचव्या दिवशीच खचला असेल, तर पुढच्या भेटीस डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जावे.